बिनखिशाचं जाकीट

लामाराला आभार मानायचे होते, एवढंच. पण ज्या माणसाचे मानायचे तो माणूस सापडायला तर हवा. नाव माहीत नाही, चेहरा पाहिलेला नाही, आणि हातात पुरावा काय, तर एक काळं जाकीट.

गेल्या ऑगस्टातली गोष्ट. चौघी मैत्रिणी दरवर्षीसारख्या आठवडाभरासाठी समुद्रकाठच्या बातुमीला आल्या होत्या. भर दुपारी, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर लामारा धाडकन खाली बसली आणि मग आडवीच झाली. बाकीच्या तिघी उकडलेली कणसं घ्यायला पुढे गेलेल्या. छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि त्या अंधारीत तिला दिसत होते ते फक्त दोन हात. एका हाताने तिचं मनगट धरलेलं, दुसऱ्याने तोंडावरचे केस बाजूला सारलेले. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, कधीतरी मोडून तशीच जुळलेली. आणि एका बाईचा आवाज: "उठू नका मावशी. मी आहे इथे. कुठे जात नाही." रुग्णवाहिका येईस्तोवर तो आवाज तेवढंच म्हणत राहिला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "कुणीतरी शहाण्या माणसाने तुम्हाला हलू दिलं नाही आणि लगेच फोन केला, म्हणून वाचलात." कणसं घेऊन तिघी धावत आल्या तेव्हा गाडीचं दार लागत होतं आणि ती बाई निघून गेली होती. लामाराच्या डोक्याखाली घडी करून ठेवलेलं तिचं जाकीट तेवढं मागे राहिलं.

वर्षभर ते जाकीट लामाराच्या गावी, चियातुराच्या घरात कपाटात टांगलेलं होतं. लामाराने ते धुतलं, इस्त्री केली, पुन्हा धुतलं. मुलगा म्हणाला, "आई, फोटो काढून इंटरनेटवर टाकू या, कुणीतरी सांगेल." ती त्याच्यावर अशी भडकली की विचारू नका. आभार काय भिंतीवर चिकटवायचे असतात? माणसाला समोर बसवायचं, ताट वाढायचं, प्याला उचलायचा आणि नाव घेऊन, त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. त्याशिवाय ते आभार नव्हेत. रात्री अंथरुणावर पडून ती वाक्यं जुळवायची. 'तुमच्यामुळे मी नातीचं लग्न बघितलं' हे एक. 'तुम्ही कुणाच्या कोण, पण सख्ख्या बहिणीने केलं नसतं ते केलंत' हे दुसरं. अशी सात-आठ तरी होती.

आता या चौघी कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चियातुरा हे दरीतलं गाव, खाणी वर डोंगरात, आणि दोहोंच्या मधे तारेवरून जाणारे लोखंडी पाळणे. त्या रोपवेवर चौघींचं आयुष्य गेलं. झुझुना तिकिटं फाडायची, दोदो चाकांना वंगण घालायची. लामारा खालच्या ठाण्यावर, आणि गुलिको त्याच तारेच्या वरच्या ठाण्यावर, ब्रेकच्या दांड्याशी. अठ्ठावीस वर्षं दोघी दिवसभर एकमेकींशी घंटेने बोलल्या. दोन टोले म्हणजे थांब, काहीतरी चुकतंय. तीन टोले म्हणजे सगळं ठीक, ओढ. दोन टोले ऐकल्यावर का म्हणून विचारायचं नसतं. आधी हात थांबतो, मग डोकं. आता नवे पाळणे काचेचे आहेत, बटणावर चालतात, घंटेला कुणी विचारत नाही. पण सवय कुठे जाते? अजूनही गुलिको एखाद्यावर घसरली की लामारा चमच्याने ताटलीवर दोनदा टणटण करते आणि गुलिकोचं तोंड अर्ध्या शब्दावर बंद होतं. तिच्या नवऱ्याला, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, जन्मात जे जमलं नाही ते हे.

तर यंदा चौघी बातुमीत उतरल्या आणि पहिले चार दिवस निव्वळ पायपीट झाली. लामाराचा हेका होता की जाकीट वेटरचंच. काळं, सोनेरी किनारीचं, दुसरं कुणाचं असणार? मग काय, समुद्रकाठचं एक हॉटेल सोडलं नाही. प्रत्येक ठिकाणी पिशवीतून जाकीट काढायचं, आणि प्रत्येक ठिकाणी मुंड्या हलायच्या. झुझुनाचे पाय सुजले. दोदो म्हणाली, "मी समुद्रात पाय बुडवायला आले होते, पोलिसात भरती व्हायला नाही."

पाचव्या दिवशी संध्याकाळी भाड्याच्या खोलीच्या मालकिणीने ते जाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि खो खो हसली.

"अगं बायांनो, याला खिसे कुठायत?"

चौघींनी पाहिलं. खरंच नव्हते. वर्षभर धुऊन, इस्त्री करून लामाराच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्यांचं आहे हे, चाक फिरवणाऱ्यांचं. त्यांच्या कपड्यांना खिसा ठेवत नाहीत. पैशांऐवजी खेळतात ती चकती खिशात जाईल म्हणून."

काखेत कळसा नि गावाला वळसा. लामारा ज्या कोपऱ्यावर पडली होती तिथून हाकेच्या अंतरावर तीन कॅसिनो होते.

सहाव्या दिवशी सकाळी पहिल्या दोन ठिकाणी दारावरूनच बोळवण झाली. कामावरच्या माणसांची माहिती देत नाही, खेळायचं असेल तर आत या, नसेल तर वाट मोकळी करा. दुपारी पावसाने झोडपायला सुरुवात केली. बातुमीचा पाऊस, तो काय विचारून येतो? चौघी भिजून चिंब, तिसऱ्याच्या दारात उभ्या.

"आता विचारायचं नाही," गुलिको म्हणाली. "आता आत जायचं आणि हात बघायचे."

ओळखपत्रं दाखवली, सगळ्यात लहान चकत्या घेतल्या, आणि झाल्या आत. गार हवा, पायाखाली गालिचा, कुठे खिडकी नाही की घड्याळ नाही. दुपारचे तीन आहेत हे फक्त झुझुनाच्या पायांना कळत होतं. आणि कोपऱ्यात लांबलचक मेज मांडलेलं. भाज्या, चीज, भाजलेलं मांस, अंडं घातलेल्या होडीसारख्या गरम रोट्या. खेळायला येणाऱ्यांना सगळं फुकट.

दोदोने ताटली उचलली. "देव आहे," ती म्हणाली.

"बस खाली," गुलिकोने दरडावलं. "चौघी आहोत, जेवण आहे, म्हणजे ही मेजवानी झाली. नुसतं चरायला आपण काय गुरं आहोत?"

चौघींच्या मेजावर तमादा नेहमी गुलिकोच असायची. तमादा म्हणजे प्याल्यांची म्होरकी. कुणासाठी प्यायचं ते ती ठरवणार, ती बोलेपर्यंत कुणी प्याल्याला ओठ लावायचा नाही. पुरुषांच्या मेजावर बाईला हा मान क्वचित मिळतो, पण गुलिकोला 'नाही' म्हणणारा पुरुष गावात शिल्लक नव्हता.

वेटरने चार ग्लास बिअर आणून ठेवली. गुलिकोने ते ग्लास एका बोटाने मागे सारले. "बिअरने प्याला उचलायचा तो दुश्मनासाठी. आम्ही इथे आशीर्वाद द्यायला आलोय, शाप द्यायला नाही. वाईन आण, राजा."

वाईन आली. पहिला प्याला देवाचा आणि शांततेचा झाला. दुसरा यजमानाचा. गुलिको उठून उभी राहिली आणि तिथेच गाडं अडलं.

"यजमान कोण इथला?" तिने वेटरला विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे हे अन्न कुणाचं? बोलव त्याला. ज्याचं खावं मीठ त्याचं करावं नीट. नाव कळल्याशिवाय मी त्याच्या घरादाराला आशीर्वाद कसा देऊ?"

कॅसिनोत फुकट जेवण कशासाठी असतं ते शेंबड्या पोराला कळतं. पण गुलिकोच्या लेखी जेवण म्हणजे जेवण, आणि जेवू घालणारा म्हणजे यजमान. वेटरने जाऊन मॅनेजरला आणलं. चाळिशीचा, तुळतुळीत दाढी केलेला, कानात वायर घातलेला माणूस. त्याला वाटलं तक्रार आहे.

"मालक परदेशात असतात, मावशी."

"लग्न झालंय त्यांचं? मुलं किती?"

"मला… नक्की माहीत नाही."

"मालकाची मुलं किती ते माहीत नाही, आणि त्याचं घर सांभाळतोस?" गुलिकोने त्याला खुर्ची दाखवली. "ठीक आहे. इथे आता तूच मोठा. तूच यजमान. उभा राहा इथे, तुझ्यासाठी पिते."

मॅनेजर बिचारा उभा राहिला. काय करेल? त्यालाही आई असणारच.

लामाराचं या कशात लक्ष नव्हतं. ती हात बघत होती. हिरव्या मेजांवरून फिरणारे हात, पत्ते सरकवणारे, चकत्या रचणारे. लांब नखांचे, आखूड नखांचे, केसाळ, गोरे. तिसऱ्या मेजावर रूलेटचं चाक फिरत होतं, आणि ते फिरवणाऱ्या हाताची करंगळी वाकडी होती.

लामारा खुर्चीतच खिळली. पंचेचाळिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. हा चेहरा तिने जन्मात पाहिला नव्हता, पण हात तिला स्वतःच्या हातांइतके ठाऊक होते. "तीच," ती दोदोच्या कानात पुटपुटली. "तिसरं मेज. गुलिकोला सांग. तीच आहे." आणि उठून चाकाजवळ गेली.

त्या बाईने मान वर केली. मग तिने ओळखलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने मान हलवली, इतकी थोडी की शेजारच्या खेळणाऱ्याला कळलं नसतं. नाही. बोलू नका. मग डोळ्यांनीच तिने बाजूच्या दाराकडे खूण केली. बायकांचं स्वच्छतागृह.

दहा मिनिटांनी बदली माणूस आला आणि ती आत आली. तिने नळ मोठा सोडला, पाण्याच्या आवाजात आवाज बुडावा म्हणून.

"मावशी, तुम्ही बऱ्या आहात, देवाचे उपकार. पण इथे कुणाला काही बोलू नका. गणवेशात बाहेर पडायला आम्हाला बंदी आहे. त्या दिवशी मी मागच्या दाराने आईला फोन करायला गेले होते, आणि मग तुम्ही… जाकीट धुवायला दिलं ते हरवलं असं मी लिहून दिलंय. कामाची वेळ चुकली तेव्हा पोटात दुखत होतं म्हणाले. खरं कळलं तर माझा पत्ता कट. घरी आई अंथरुणाला खिळलीय, मी एकटी कमावते."

"जाकीट आणलंय मी," लामारा कशीबशी म्हणाली.

"नको. ठेवा तुम्ही. इथे काढूही नका."

लामाराच्या ओठांवर वर्षभराची वाक्यं आली होती. नातीचं लग्न, सख्खी बहीण, सगळी. एकही बाहेर पडेना. बाहेर पडलं ते भलतंच.

"जेवलीस का गं?"

ती बाई हसली, आणि डोळे पुसले. "सहा वाजता जेवेन," ती म्हणाली, आणि गेली.

लामारा आरशासमोर एकटी उरली. आभार मानायला वर्षभर जीव टांगणीला लागलेला, माणूस हातभर अंतरावर उभा राहून गेला, आणि हिने विचारलं काय तर जेवलीस का. स्वतःलाच दोन ठेवून द्याव्यात असं तिला वाटलं. मग एकदम ध्यानात आलं. दोदो. तिने दोदोला सांगितलं होतं, आणि दोदोने गुलिकोला सांगितलं असणार.

ती दारातून बाहेर आली तेव्हा गुलिको उभी होती. उजव्या हातात भरलेला प्याला, डावा हात खुर्चीवरच्या, जाकीट ठेवलेल्या पिशवीत. मॅनेजर अजून तिथेच, आता चक्क हातात प्याला घेऊन. शेजारच्या मेजांवरची तुर्की पाहुणेमंडळीही माना वळवून बघायला लागली होती. बघणारच. दरीपलीकडे हाक मारून मारून कमावलेला गुलिकोचा आवाज तो, साऱ्या दिवाणखान्याला पुरून उरत होता.

"आणि हा प्याला," ती म्हणत होती, "ज्याच्यासाठी आम्ही चियातुराहून आलो त्या माणसाचा. ती याच घरात आहे. यजमान, नीट ऐक, तुझ्या घरात कसलं रत्न आहे ते तुला ठाऊक नाही. गेल्या वर्षी, याच महिन्यात, तुझ्या दाराबाहेर…"

मधे वीस पावलांचं अंतर होतं, आणि मधे खेळाची मेजं. ओरडावं तर सगळंच उघड. पळावं तर डॉक्टरांनी बजावलेलं. लामाराने जवळच्या मेजावरून कुणाचा तरी रिकामा ग्लास उचलला, चमचा उचलला, आणि वाजवला.

टण. टण.

गुलिको थांबली. वाक्य अर्धं, तोंड उघडं, हात पिशवीत तसाच. दोन टोले. का ते तिला माहीत नव्हतं. विचारायचं नसतं. अठ्ठावीस वर्षांत तिने एकदाही आधी विचारलं नव्हतं. एकदा तर त्या दोन टोल्यांनी पाळण्याच्या उघड्या दारात लोंबकळणारी सात माणसं वाचवली होती.

सगळे वाट बघत होते. मॅनेजर म्हणाला, "दाराबाहेर काय, मावशी?"

गुलिकोच्या डाव्या हाताने पिशवीतलं जाकीट सोडलं, चाचपत खाली गेला आणि वर आला तो अक्रोडाची माळ घेऊन. द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली, घरची, चांगली वीतभर लांब. परतीच्या प्रवासात खायला ठेवलेली.

"दाराबाहेर," गुलिको सावकाश म्हणाली, "आम्ही उभ्या होतो आणि आत यायचं धाडस झालं नाही. यंदा आलो. तुझं अन्न खाल्लं, तर रिकाम्या हाताने कसं जाणार? घे. माझ्या अंगणातली द्राक्षं आहेत."

मॅनेजरने माळ दोन्ही हातांनी घेतली. कानातली वायर काढून त्याने खिशात टाकली होती. त्याच्या कोटाला खिसे होते.

"पण प्याला अजून प्यायचाय," गुलिको म्हणाली. तिने लामाराकडे पाहिलं. लामाराने हळूच मान हलवली, नाव नको. मागे, तिसऱ्या मेजाशी, वाकड्या करंगळीची बाई पुन्हा चाकावर येऊन उभी राहत होती.

"हा प्याला हातांचा," गुलिको म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला. "रस्त्यात पडलेल्या माणसाला जे हात धरतात, आणि तू कोण, कुठली, असं विचारत नाहीत, त्या हातांचा. आम्हीही त्यांना नाव विचारत नाही. देवाला माहीत आहे, तेवढं पुरे. त्या हातांनी ज्याची सेवा करावी तो बरा होवो. त्या हातांना कधी कुणापुढे पसरायची वेळ न येवो. आणि त्यांच्यामुळे आज या मेजावर आम्ही तिघी नाही, चौघी बसलोय, याचं मोल आम्हाला शेवटच्या श्वासापर्यंत आठवो."

चौघी उठल्या आणि प्याल्या. मॅनेजर प्याला. एका तुर्की म्हाताऱ्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण तोही उठून प्याला. लामारा रडत होती, आणि तिने ते लपवलं नाही. गुलिकोची ही वाक्यं तिने जुळवलेल्या सात-आठांतली नव्हती, पण तिला हवी होती ती हीच.

कोपऱ्यातल्या त्या मेजावर चौघी मग सहा वाजेपर्यंत बसल्या, आणि स्वच्छतागृहातलं सगळं लामाराने हळू आवाजात तिघींच्या कानावर घातलं. चकत्या हरल्या की जिंकल्या ते कुणाच्या लक्षात नाही. सहाच्या सुमाराला पुन्हा बदली माणूस चाकाशी आला. वाकड्या करंगळीच्या बाईने रिवाजाप्रमाणे मेजावर एकदा टाळी वाजवली, आणि दोन्ही हात पुढे करून तळवे उघडे दाखवले. आधी पालथे, मग उताणे. मी काही नेत नाही, हे छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं. दिवसातून दहा वेळा करतात, बघायलाही कुणी थांबत नाही. पण यावेळी ती छताकडे नाही, लामाराकडे वळून उभी होती. आणि रिवाजाला लागतो त्याहून जरा जास्त वेळ ते हात तिने तसेच उघडे धरले.

लामाराने ते डोळे भरून पाहून घेतले. मग तिने चमचा उचलला आणि ग्लासावर तीनदा वाजवला.

त्या बाईला त्याचा अर्थ काय कळणार? पण गुलिको ताडकन उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला गं. सगळं ठीक आहे. ती जेवायला चाललीय."

बाहेर पाऊस थांबला होता. कोपऱ्यावर, ती जिथे पडली होती तिथे, लामारा जरा थांबली. दोदोने चौघींसाठी कणसं घेतली, आणि यावेळी लामाराला बरोबर घेऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चियातुराला जायची गाडी होती. लामारा मालकिणीच्या अंगणात सुईदोरा घेऊन बसली होती.

"परत करायचं नाही, ठेवून घ्यायचं, मग आता त्याला काय ठिगळ लावतेस?" झुझुनाने विचारलं.

"खिसा," लामारा म्हणाली.

आतल्या बाजूला, डावीकडे, छातीशी. छोटासाच. शिवून झाल्यावर तिने त्यात हृदयाच्या गोळ्यांची डबी घातली, गेल्या वर्षी जी ती खोलीवर विसरून निघाली होती. मग उकाड्यातच जाकीट अंगात घातलं, बटणं लावली आणि गाडी पकडायला निघाली.